पेला, कागद, झाकण

"परत विचार," बाबा म्हणाले, "आणि या वेळी माझ्याकडे तोंड करून विचार."

बाई कपाटाच्या दारावर खडूने सूर्य काढत होत्या. त्या वळल्या. बाबांना हल्ली कमी ऐकू येतं, हे त्यांच्या लक्षातच राहत नसे. स्वयंपाकघराच्या टेबलावर काचेचा पेला, तेलाने माखलेला कागद आणि डब्याचं झाकण मांडलेलं होतं. जिच्यातून उजेड अजिबात जात नाही अशी वस्तू कोणती, असं त्यांनी परक्या भाषेत पुन्हा विचारलं. बाबांनी चष्मा सारखा केला, लेकीकडे बघितलं आणि झाकण उचललं.

बाईंचा जीव भांड्यात पडला.

शाळेत नव्या वर्षापासून विज्ञान परक्या भाषेत शिकवायचं ठरलं होतं. त्यासाठी शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू होतं. शेवटी अनोळखी मुलांसमोर एक धडा घ्यायचा; जमला नाही तर विज्ञानाला बाहेरून कुणीतरी येणार आणि बाईंच्या वाट्याला हस्तकला आणि कवायत. हस्तकलेशी त्यांचं वैर नव्हतं, पण विज्ञानावर त्यांचा जीव होता. प्रयोगशाळेच्या किल्ल्या कुणाला देताना त्या सासरी मुलगी पाठवल्यासारखा चेहरा करत.

प्रशिक्षक मॅडमचा नियम साधा होता. आपल्या भाषेतला एक शब्दही तोंडातून निघता कामा नये. वस्तू दाखवा, चित्रं काढा, हातवारे करा. घरी सराव अशा माणसावर करा, ज्याला त्या भाषेचा गंध नाही. त्याला समजलं, तर मुलांना समजणारच.

असा माणूस बाईंच्या घरातच होता. शिवाय तो रिकामाही होता. पत्त्यांत बाबांनी शेजाऱ्यांना इतक्या वेळा धूळ चारली होती, की आता त्यांच्यासमोर डाव मांडायला कुणी बसत नसे. मग रोज संध्याकाळी ते शहाण्या मुलासारखे खुर्चीत बसत आणि हळूहळू त्यांचं एकही उत्तर चुकेनासं झालं. या वयात बाबा परकी भाषा शिकताहेत, या विचाराने बाईंना भरून येई. आपल्याला शिकवता येतं, असं त्यांना पुन्हा वाटू लागलं होतं.

धड्याचा दिवस उजाडला. वर्गातली मुलं दुसऱ्या शाळेची, मागच्या बाकावर मॅडम. प्रत्येक बाकावर पेला, कागद, झाकण. बाईंनी पहिला प्रश्न सूर्य काढता काढता विचारला आणि एकाही मुलाने काही उचललं नाही. आता हस्तकला, त्यांच्या मनात आलं. मग घरची सवय कामी आली. त्या वळल्या, मुलांकडे तोंड करून तोच प्रश्न सावकाश विचारला, आणि भराभर झाकणं वर गेली. पुढे एकही प्रश्न वाया गेला नाही. मॅडमनी त्यांना पास केलं. मुलांची नजर तुमच्यावरून क्षणभरही हलली नाही, असं म्हणून पाठही थोपटली.

घरी येताच बाईंनी बाबांना वाकून नमस्कार केला. तुमच्यामुळे जमलं, म्हणाल्या. बाबा पत्ते पिसत होते. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मुलांना कितपत कळलं ते विचारलं.

"सगळ्यांना कळलं, बाबा. अगदी तुमच्यासारखं. आणि पूर्ण वेळ माझ्याकडेच बघत होती हो पोरं."

"हुशार आहेत," बाबा कौतुकाने म्हणाले. "मीही तेच करायचो. त्या भाषेतलं मला अजून एक अक्षर कळत नाही, ठमे. पण जी वस्तू तुला हवी असते ना, तिच्याकडे तुझे डोळे आधी जातात. म्हणून तर लहानपणापासून तू माझ्याशी पत्त्यांत हरतेस."