दार नसलेला पिंजरा

“बाबा, झाडाला पिंजऱ्यातून सोडणार कधी?” तिला हे विचारायची हिंमत होणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून तिने जेवताना विचारूनच टाकलं. बाबा वेल्डर. ती रांगायची तेव्हा अंगणातल्या रोपाला गुरांनी खाऊ नये म्हणून त्यांनी भोवती लोखंडी गज जोडले होते. दार ठेवायचं मात्र राहूनच गेलं. आता त्याच झाडाच्या सावलीत त्यांचं काम चालायचं. “माझं वेल्डिंग आहे, हत्तीच्यानंही हलायचं नाही!” बाबा फुशारले. पण पानगळीत तिला खिडकीतून दिसलं होतं: एका बाजूचे गज खोडात रुतलेत. पालवी फुटली, तरी त्या बाजूच्या फांद्या वाळक्याच राहिल्या. “काळजीपोटी केलंय गं,” आई म्हणाली. शाळेतसुद्धा तिला एकटीला सोडत नसत, त्यालाही आईचं हेच उत्तर. जेवण होताच तिने अंगणात जाऊन बाबांचा जड ग्राइंडर उचलला. “गज मी आज कापणार. बाबा, तुमचा गॉगल द्या. आणि उद्यापासून शाळेत मी एकटी जाणार!”