माहेरचं नाव

औषधाच्या कपाटानं पेनिसिलिनचं इंजेक्शन पुढे सरकवलं. पडद्यावर अक्षरं उमटली, 'रेवती गावंडे, ॲलर्जी नाही.' सिस्टर मनोरमांनी ते उचललं नाही. डॉक्टर बोबड्यांनी आजच, चहा निवायच्या आत, एआयकडून दवाखान्याचं नवं सॉफ्टवेअर लिहून घेतलं होतं. महिन्यातलं तिसरं.

"डॉक्टर, वीस वर्षांचं जुनं सॉफ्टवेअर प्रत्येक बाईला माहेरचं नाव विचारायचं. तो प्रश्न कुठं गेला?"

"नसती कटकट होती. काढून टाकली."

सिस्टरांनी कपाळावर हात मारला आणि त्या खाटेवरच्या बाळंतिणीकडे, रेवतीकडे वळल्या. "लग्नाआधी इथं कधी आली होतीस का गं?"

"हो, शाळेत असताना. तेव्हा मी रेवती तायडे. याच इंजेक्शननं मरता मरता वाचले होते."

सिस्टरांनी डॉक्टरांकडे पाहिलं. ते फोन काढून बसलेच होते.

"दोन मिनिटं द्या सिस्टर, चौथं लिहून घेतो."