उघडे डोळे

अठ्ठ्याण्णव साली बनुबाईचा थोरला ऊसतोडीच्या फडात साप डसून गेला. मागं एकच फोटो उरला, तोही तिरडीवरचा, मिटल्या डोळ्यांचा. पाथर्डीच्या फोटो स्टुडिओत तेव्हा नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि नगरहून प्रशांत तो शिकवायला यायचा.

"एकदा माज्याकडं बघू द्या त्याला, भाऊ," बनुबाईनं पदर पसरला.

चार दिवसांनी प्रशांतनं स्क्रीन तिच्याकडं वळवली. हाक मारली तर ओ देईल, असा थोरला टकमक बघत होता.

"अगं बाई, खरेच डोळे की!"

"खरेच आहेत, मावशी. तुमच्या धाकट्याचा फोटो इथं होता, त्यातले बसवलेत."

बनुबाईनं झडप घालून ते डोळे तळहातानं झाकले.



"मिटा, भाऊ, मिटा! धाकटा अजून फडावर हाय."