टेबल येईपर्यंत

वैद्यकीय प्रवेश परीक्षा मेंदूने नव्हे, टेबलाने पास होते. कंपाउंडरांकडे याचा छापील पुरावा होता. चार घड्या घालून तो ते शर्टाच्या खिशात बाळगत, आणि आता कितव्यांदा तरी त्यांनी तो मिस्त्रीच्या पुढ्यात उलगडला.

वर्तमानपत्राचं कात्रण होतं ते. दोन वर्षांपूर्वी गावात पहिली आलेली मुलगी टेबलाशी ताठ बसून, मान वळवून कॅमेऱ्याकडे बघत होती. टेबल भिंतीला तोंड करून ठेवलेलं. दोन्ही बाजूंना उभ्या फळ्या, घोड्याला झापडं लावतात तशा. मुलीचे हात मांडीवर. या हातांवर कंपाउंडरांनी पुष्कळ विचार केला होता. टेबलावर कोपर टेकलं की झोप येते, हे त्या मुलीला ठाऊक होतं, असा त्याचा अर्थ होता.

"अगदी असंच सांगितलं होतं," ते म्हणाले. "सात महिने झाले."

"अगदी असंच होणार," मिस्त्री रंधा न थांबवता म्हणाला. "येत्या सोमवारी नक्की."

हा सोमवार सात महिन्यांत अठ्ठावीस वेळा येऊन गेला होता.

कंपाउंडरांची बावीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीमागे डॉक्टरांच्या अक्षराचा अर्थ लावण्यात गेली होती. आपल्या मुलीच्या अक्षराचा अर्थ दुसऱ्या कोणीतरी लावावा, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी वेळापत्रक तयार होतं. सोळा तास अभ्यास, चार तास झोप. उरलेल्या चार तासांत काय करायचं, असं बायकोने विचारलं होतं. तिला त्यातलं काही कळत नाही, असं ठरलं. जीवशास्त्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाठ. ते होईस्तोवर जुन्या प्रश्नपत्रिकांना हात लावायचा नाही, कारण मार्क कमी पडले की हिंमत खचते. मैत्रीण बंद. लोळणं बंद. हे सगळं टेबल येईल त्या दिवसापासून अमलात यायचं होतं. टेबलच नाही तर पोरीला सोळा तास बसवणार कुठे, ही अडचण कंपाउंडरांनाही मान्य होती.

तोवर मुलगी पलंगावर पालथी पडून, पाय हलवत वाचत असे. संध्याकाळी मैत्रिणीला फोनवर तासभर काहीतरी समजावून सांगे. रविवारी घड्याळ लावून एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवी आणि जे चुकलं ते पुन्हा वाची. दहा वाजता झोपून जाई. कंपाउंडरांना हे बघवत नसे.

"चालू दे तुझा टाइमपास," ते म्हणत. "टेबल आलं की खरा अभ्यास."

"हो बाबा," ती म्हणे. "पण मिस्त्रींना घाई करू नका हं. लाकूड नीट वाळायला हवं."

आज परीक्षेला सतरा दिवस उरले होते आणि कंपाउंडर भांडायचं ठरवून आले होते. भांडण त्यांना जमत नसे. चारच वाक्यांत ते विनवणीवर आले.

"माझ्या मुलीचं वर्ष गेलं ना मिस्त्री, तर ते तुमच्या डोक्यावर."

रंधा थांबला. मिस्त्री काही वाईट माणूस नव्हता. तारखेचा कच्चा होता, इतकंच. पुढे उभा असलेला गृहस्थ रडकुंडीला आलेला बघून त्याने त्याला धीर द्यायचं ठरवलं.

"एवढं मनाला लावून घेऊ नका, साहेब. या फोटोतल्या पोरीच्या बापानेसुद्धा असाच जीव खाल्ला होता माझा."

"मग?"

"मग काय, दिलं की टेबल. निकालाच्या दिवशी सकाळी. पेपरवाले यायच्या अर्धा तास आधी नेऊन टेकवलं."

कंपाउंडरांनी कात्रण डोळ्यांजवळ नेलं.

"पॉलिश ओलं होतं," मिस्त्रीने कात्रणावर बोट ठेवलं. "म्हणून तर हात मांडीवर घेऊन बसलीय बिचारी."

"मग ती अभ्यास कुठे करायची?"

"ते मला काय माहीत? टेबल झालं का विचारायला बाप यायचा. पोरगी कधी फिरकली नाही."

कंपाउंडरांनी कात्रणाच्या चार घड्या घातल्या आणि ते घरी आले. मुलगी पलंगावर पालथी पडली होती. ते दारातच उभे राहिले.

"किती झालाय अभ्यास?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आजवर केला नव्हता. जे सुरूच झालेलं नाही त्याची चौकशी काय करायची?

"दोनदा झालाय. तिसरी उजळणी चाललीय." तिने पुस्तकातून डोकं वर काढलं. चेहरा उतरला होता. "बाबा, टेबल येतंय का?"

कंपाउंडरांनी पलंगाकडे पाहिलं, मग भिंतीपाशी टेबलासाठी रिकाम्या ठेवलेल्या जागेकडे.

"लाकूड वाळलेलं नाही अजून," ते म्हणाले.

मुलीला प्रवेश मिळाला. आता दवाखान्याच्या खिडकीशी औषध घेताना इतर पोरांचे आईबाप आवाज खाली आणून टेबलाचं विचारतात. कंपाउंडर त्यांना नाराज करत नाहीत. टेबल पाहिजेच, असं सांगतात आणि मिस्त्रीचा पत्ता लिहून देतात. मंडईच्या मागे आणखी एक सुतार आहे. त्याचं काम सुबक असतं, आणि कबूल केलेल्या दिवशी तो टेबल घरपोच देतो. त्याचा पत्ता कंपाउंडर कोणालाही सांगत नाहीत.