तेवीस आठवडे, चार दिवस

“तुम्ही बसा, या दिवसांत असं ताटकळू नये,” म्हणत नर्सने खोलीतली एकुलती खुर्ची ट्रीनाकडे सरकवली, आणि पलंगावरची शॉना भडकली.

“हो, बस ना,” ती म्हणाली. “तुलाच जपायला हवं सगळ्यांनी.”

नर्स चपापून निघून गेली. ट्रीना बसली नाही. आठव्या महिन्याचं पोट कोटाखाली झाकायची तिची तीन दिवस धडपड चालली होती, पण कोटाची बटणंच लागत नव्हती. दोघी एकाच शाळेच्या बस चालवायच्या. शॉनाला कॅनडातल्या सस्कॅटूनच्या या इस्पितळात आणलं तेही ट्रीनानेच, तीन तास गाडी हाकत. शॉनाची पाणमोट तेवीस आठवडे जेमतेम भरले तोच फुटली होती, आणि तिचा नवरा डेल उत्तरेतल्या खाणीवर अडकला होता. तिथे वादळ होतं. विमान उडत नव्हतं.

आज शॉनाने मनात साठलेलं सगळं बाहेर काढलं. सात वर्षं औषधं, सुया, दोनदा राहून पडलेलं. या खेपेला दिवस गेले तेव्हा तिने बस सोडली, कॉफी सोडली, जिना चढायचंसुद्धा सोडलं. ट्रीनाचं हे चौथं, तेही नको असताना राहिलेलं. तिसऱ्या महिन्यापर्यंत ती बसगाड्यांच्या आडोशाला उभी राहून सिगारेटी ओढत होती, आणि मागच्या आठवड्यापर्यंत खडीच्या रस्त्यावर बस आदळत होती.

“आणि तुला काही झालं नाही,” शॉना म्हणाली. “रोज उठून ते पोट माझ्या डोळ्यांसमोर आणून उभी राहतेस. लाज कशी वाटत नाही तुला?”

दोन दिवस ट्रीनाने तिचे टोमणे ऐकून घेतले होते. ऐकून झालं की खाली जाऊन ती गाडीच्या चाकाला लाथा घालायची आणि परत वर यायची. आज तिचाही तोल गेला.

“वाटते,” ती म्हणाली. “ओढल्या मी सिगारेटी. तरी माझं टिकलं आणि तुझं फुटलं. यात न्याय कुठला ते मला विचारू नकोस, मला तरी कुठे सापडलाय. आणि पोट काही घरी खुंटीला टांगून येता येत नाही. बोल, अजून काय बोलायचंय ते बोल.”

शॉना बोलणारच होती, पण कळ आली. सकाळपासून आलेल्या कळांसारखी ही नव्हती. तिने पलंगाचा कठडा धरला आणि बराच वेळ सोडला नाही. ट्रीनाने भिंतीवरचं बटण दाबलं ते दाबूनच धरलं.

डॉक्टर तरुण होती. पलंगाच्या कडेवर टेकून तिने सरळ सांगितलं, की औषधांनी कळा थांबत नाहीत, बाळ आजच येणार. मुलगी आहे, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. नळी घालून यंत्रावर ठेवलं तर अशा दहांतली चार-पाच जगतात, आणि जगलेल्यांतल्या कित्येकांच्या डोळ्यांचं, फुप्फुसांचं, मेंदूचं काहीतरी कायमचं मागे लागतं. नाहीतर नळ्या नाहीत, सुया नाहीत, नुसतं उबदार गुंडाळून आईच्या छातीवर ठेवायचं, जेवढा वेळ मिळेल तेवढा. दोन्हींतलं काहीच चूक नाही, ती म्हणाली. पण कुठलं करायचं ते आईबापांनी सांगायचं, आणि आत्ता.

डेलला फोन लागला. तो रडत होता. तू म्हणशील तसं करू, एवढंच त्याला म्हणता आलं. शॉनाने फोन पांघरुणावर फेकला.

“सगळे म्हणणार, तू म्हणशील तसं,” ती म्हणाली. “म्हणजे उद्या बोलायला मोकळे, हिनेच सांगितलं होतं म्हणून.” मग ती ट्रीनाकडे वळली. “तू काय केलं असतंस?”

ट्रीनाला खोटं काही सुचेना. नेमकं तेव्हाच तिच्या पोटातलं मूल जोरात हललं आणि तिला त्याचाही राग आला.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “पण तू सांगशील ते चुकलं असं पुढे जो कोणी म्हणेल, डेल म्हणो, त्याची आई म्हणो, त्याची गाठ माझ्याशी आहे. तू स्वतः म्हणालीस तरी.”

शॉना डॉक्टरला म्हणाली, “प्रयत्न करा. पण पोरीला सोसवेनासं झालं तर मला येऊन सांगायचं. नवऱ्याला नाही, मला. थांबा कधी म्हणायचं ते मी सांगेन.”

त्यानंतर कोणालाच बोलायला सवड मिळाली नाही. चौघांनी पलंग ढकलत बाहेर काढला. ट्रीना एक हात पोटाखाली धरून मागे धावली. प्रसूतीच्या खोलीच्या दाराशी एका माणसाने तिला अडवलं. आत फक्त नवरा किंवा रक्ताचं माणूस. तुम्ही कोण यांच्या?

बहीण म्हणून सांगायचं असं ट्रीनाने येता येता ठरवलं होतं. पण धाप लागली होती, आणि तोंडातून भलतंच आलं.

“आम्ही बस चालवतो,” ती म्हणाली.

त्या माणसाने मान हलवली आणि दार लोटायला घेतलं. तेवढ्यात आतून पलंगावर कोपर टेकून शॉना अर्धी उठली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

“तिला आत घ्या,” ती ओरडली. “माझं तिला बोलून अजून झालेलं नाही.”