मालकाचं नाव

"काल निषादचा फोन आला होता. खोकला बरा झालाय म्हणाला," पोहे परतत आई म्हणाली.

हर्षदाने पोह्यांसाठी ताटल्या काढल्या. तिच्या भावाला, निषादला, जाऊन दोन वर्षं झाली होती.

विसराळूपणावर इलाज म्हणून आईच्या डोक्यात बसवलेली चिप रोज पहाटे एका वेबसाइटवरून आठवणी उतरवून घ्यायची. चिपवाली कंपनी केव्हाच बुडाली होती. तिचं डोमेन, म्हणजे त्या वेबसाइटचा पत्ता, विकत घेऊन आईच्या डोक्यात असलं खोटं भरणारा नालायक कोण, ते हर्षदाला शोधून काढायचं होतं. तिच्या तक्रारीवर आत्ता डोमेन नोंदणी कार्यालयातून फोन आला.

"मॅडम, मालकाचं नाव मिळालं. सुलभा कुलथे."

हर्षदा आईकडे बघतच राहिली. नाव आईचंच होतं.

"दोन वर्षांपूर्वी, पाच मार्चला घेतलंय," तो गृहस्थ म्हणाला.

निषादचं तेरावं चार मार्चला झालं होतं.

"बंद करायचं तर मालकाची सही लागेल. आणि कारणही त्यांच्याच हाताने लिहिलेलं."

हर्षदाने फोन ठेवला.

"निषादचा होता ना?" पोह्यांवर खोबरं भुरभुरवत आईने विचारलं. "मग मला का नाही दिलास?"