डाव्या डोळ्यातली शीर

गुंडूच्या डाव्या डोळ्यातही ती शीर नव्हती.

डॉक्टर अंबादास इनामदारांनी लाल पेन्सिलीने वहीतलं चित्र पुरं केलं आणि खाली आकडा टाकला, वीस. काचबिंदूचे वीस रोगी, आणि सगळ्यांचं एकच. दृष्टीच्या नसेच्या वरच्या अंगाला रक्ताची एक बारीक शीर असते, ती डाव्या डोळ्यात गायब. उजव्यात मात्र जागच्या जागी. हा रोग डाव्या डोळ्यापासून सुरू होतो आणि आधी ही शीर खातो, असं डॉक्टरांनी ठरवून टाकलं होतं. उद्या पुण्याच्या परिषदेत ते हेच सांगणार होते. १९७४ साल होतं. कोल्हापुरात पंचवीस वर्षं चष्म्याचे नंबर काढून कंटाळलेल्या माणसाला असा शोध लागला, तर त्याचा पाय जमिनीवर कसा ठरावा? सकाळपासून ते खुर्चीत धड टेकले नव्हते. दोन वेळचा चहा गार होऊन गेला होता.

हाताखालची डॉक्टर लीला मागच्या आठवड्यात चाचरत म्हणाली होती की, तिला ती शीर दिसते. डॉक्टरांनी तिला आणखी दोन वर्षं डोळे बघायला सांगितलं होतं. तिला सगळं शिकवलं होतं ते त्यांनीच. नसेच्या कडेला रक्ताची बारीक रेघ दिसली, की काचबिंदू आत पोखरतोय समजायचं, हेही त्यांनीच.

गुंडू उठला, तशी त्याची बायको बायडाबाई त्याच स्टुलावर बसली. दोघं मुरगूडहून आले होते.

"आलोयच तर माझंबी डोळं बघा की, डॉक्टर. परत एस्टीत कोण हाडं खिळखिळी करून घेतंय?"

बाईंना काही झालेलं नव्हतं. सुईत दोरा अजून पहिल्या झटक्यात ओवत होत्या. डॉक्टरांनी सुटका करून घ्यावी म्हणून दिव्याचं यंत्र उचललं. रोग्याचा उजवा डोळा आपल्या उजव्याने बघायचा, डावा डाव्याने, अशी त्या यंत्राची रीत. उजवा डोळा छान होता. डावा बघितला आणि डॉक्टरांचा हात थांबला.

शीर नव्हती.

त्यांनी पुन्हा बघितलं. काच पुसून बघितलं. मग मान वाकडी करून बाईंचा तोच डावा डोळा आपल्या उजव्या डोळ्याने बघितला. नाकाला नाक लागलं. बायडाबाई संकोचून मागे सरकल्या, तरी तेवढ्यात दिसायचं ते दिसलं. शीर होती, चांगली ठसठशीत.

डॉक्टरांनी वहीतली डाव्या डोळ्यांची वीस चित्रं चाळली, सगळी त्यांनी आपल्याच डाव्या डोळ्याने बघून काढलेली. मग बायडाबाईंना उठवून स्वतः स्टुलावर बसले आणि यंत्र शेजारी उभ्या लीलाच्या हातात दिलं.

"माझा डावा डोळा बघा. दिसेल ते काढा."

तिने बघितलं, पुन्हा बघितलं. मग वही ओढून ती काढू लागली. आधी नस. वरच्या अंगाला ती बारीक शीर. डॉक्टर वाकून बघत होते. तिचा हात क्षणभर अडला, आणि नसेच्या खालच्या कडेला तिने एक छोटी लाल रेघ ओढली. पेन्सिल खाली ठेवून ती मान खाली घालून उभी राहिली.

"आकडा राहिला," डॉक्टर म्हणाले, आणि पेन्सिल उचलून त्यांनी स्वतःच टाकला, एकवीस.